मुलगा सम्राट, वडील प्रजाजन : मांचू राजपुत्र यीशुआनचे प्रकरण

वंशपरंपरागत राजेशाहीत मुलगा गादीवर बसतो तेव्हा वडील सहसा हयात नसतात, कारण त्यांच्या मृत्यूमुळेच गादी रिकामी झालेली असते. चीनवर राज्य करणाऱ्या मांचू छिंग घराण्यात १८७५ साली हा क्रम मोडला. दाओग्वांग सम्राटाचा सातवा मुलगा यीशुआन याचा साडेतीन वर्षांचा मुलगा गादीवर बसवला गेला आणि यीशुआन त्यानंतर जवळजवळ सोळा वर्षे त्याच सम्राटाचा प्रजाजन म्हणून जगला. या अवघड जागी त्याने स्वतःला कसे सांभाळले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे या टिपणात तपासायचे आहे. यीशुआनची नम्रता चिनी इतिहासात प्रसिद्ध आहे आणि अनेकदा ती त्याच्या भित्र्या स्वभावाच्या खाती टाकली जाते. मला ती विचारपूर्वक आखलेली बचावाची रीत वाटते. तिने त्याचा किताब, त्याचा वाडा आणि त्याचे घराणे वाचवले. ज्या मुलामुळे ती रीत पत्करावी लागली, त्याच्या मात्र ती काहीच कामी आली नाही.

१८७५ पूर्वीचा यीशुआन

त्याचा जन्म १६ ऑक्टोबर १८४० चा. पहिले अफूचे युद्ध नुकतेच पेटले होते. १८५० मध्ये थोरला सावत्र भाऊ श्येनफंग सम्राट झाला, तेव्हा यीशुआनला छुन हा किताब दुसऱ्या दर्जाच्या राजपुत्राच्या मानासह मिळाला. पहिला दर्जा १८७२ साली मिळाला. सहावा भाऊ यीशिन, म्हणजे गोंग किताबाचा राजपुत्र, हा घरातला बुद्धिमान आणि मुत्सद्दी. यीशुआन त्या मानाने तलवारबहाद्दर आणि तापट. १८६० साली श्येनफंगने त्याचे लग्न वानझेन हिच्याशी लावून दिले. वानझेनची थोरली बहीण त्या वेळी श्येनफंगच्या अंतःपुरात होती आणि त्याच्या एकुलत्या एक हयात मुलाची आई होती. हीच पुढची राजमाता त्सीशी. एका बाजूने ती यीशुआनची वहिनी, दुसऱ्या बाजूने मेहुणी; पुढच्या तीस वर्षांच्या कथेत हे दुहेरी नाते सतत आडवे येते.

ऑगस्ट १८६१ मध्ये श्येनफंग रेहे येथील उन्हाळी राजवाड्यात वारला आणि त्याच्या पाच वर्षांच्या मुलाच्या, तोंगझी सम्राटाच्या, नावाने राज्य चालवण्यासाठी आठ कारभाऱ्यांचे मंडळ नेमले गेले. त्सीशी, श्येनफंगची पट्टराणी त्सआन आणि यीशिन यांनी नोव्हेंबरमध्ये ते मंडळ उलथवले. त्या आठांतला सर्वांत प्रबळ कारभारी सुशुन सम्राटाची शवपेटी घेऊन बीजिंगकडे येत होता. मियुन येथे मुक्कामाच्या ठिकाणी त्याला ज्याने पकडले, तो एकवीस वर्षांचा राजपुत्र यीशुआनच होता. सुशुनचा शिरच्छेद झाला. पुढे बीजिंगच्या रक्षणासाठी नव्या हत्यारांनी सज्ज केलेल्या फौजेची धुरा यीशुआनकडे आली. १८७० साली त्यानजिनमध्ये जमावाने फ्रेंच वकील आणि मिशनरी यांना ठार केले, तेव्हा फ्रेंचांशी पडते घेऊन केलेल्या तडजोडीला उघड विरोध करणाऱ्यांत तो पुढे होता. असा माणूस पुढे दरबारात मान खाली घालून वावरू लागला, तर त्याचे कारण स्वभावात शोधून चालणार नाही.

१२ जानेवारी १८७५

त्या दिवशी तोंगझी सम्राट देवीच्या रोगाने वारला. वय अठरा, पदरी मूल नाही. त्याच रात्री दोन्ही राजमातांनी, म्हणजे त्सीशी आणि त्सआन यांनी, राजपुत्र आणि मंत्री यांना बोलावले. छिंग घराण्यात एका पिढीच्या सगळ्या पुरुषांच्या नावात एकच अक्षर सामाईक असे. यीशुआनची पिढी ‘यी’, तोंगझीची ‘झाय’, त्यापुढची ‘पू’. तोंगझीला वारस द्यायचा, तर तो ‘पू’ पिढीतलाच हवा होता, कारण पितरांना नैवेद्य मुलाच्या पिढीने दाखवायचा, भावाच्या नव्हे. तसा एक मुलगा, पूलुन, घराण्यात होताही. पण त्याच्या वडिलांना दत्तक घेऊन त्या शाखेत आणले होते, ही सबब पुढे करून त्याला बाजूला सारण्यात आले.

खरे कारण हिशेबाचे होते. ‘पू’ पिढीचा सम्राट आला असता तर तोंगझीची विधवा राजमाता झाली असती आणि त्सीशी आजीच्या जागी सरकली असती. त्याऐवजी यीशुआन आणि वानझेन यांचा मुलगा झायतियान निवडला गेला आणि तो मृत तोंगझीचा नव्हे, तर चौदा वर्षांपूर्वी वारलेल्या श्येनफंगचा दत्तक पुत्र ठरवला गेला. त्यामुळे त्सीशी पुन्हा राजमाता राहिली, आणि मूल साडेतीन वर्षांचे असल्याने पडद्याआडून राज्य करण्याची मुदतही भरपूर मिळाली. या सम्राटाला मुलगा झाला की तो तोंगझीचा वारस मानला जाईल, असे आश्वासन फर्मानात घालून धर्माची बाजू कशीबशी सावरली गेली. ते सर्वांना पटले नाही. १८७९ साली तोंगझीचे दफन उरकून परतताना वू केदू नावाच्या वृद्ध अधिकाऱ्याने वाटेतल्या एका देवळात जीव दिला आणि तोंगझीच्या वंशाचा प्रश्न स्पष्ट करा, असा अर्ज मागे ठेवला.

निवडीच्या वेळी यीशुआन त्याच दालनात हजर होता. तिथेच असलेला दरबारी अधिकारी वेंग तोंगहे याच्या रोजनिशीत त्या क्षणाची नोंद आहे. यीशुआन दचकला, त्याने आज्ञा शिरसावंद्य म्हटली, जमिनीवर डोके आपटून तो धाय मोकलून रडला आणि शुद्ध हरपून पडला. लोकांनी बखोटीला धरून उठवले तरी त्याला उठता येईना. रात्रीच पालखी त्याच्या वाड्यावर गेली आणि झोपेतल्या मुलाला घेऊन आली. २५ फेब्रुवारीला राज्यारोहण झाले आणि हा मुलगा ग्वांगशू सम्राट म्हणून ओळखला जाऊ लागला.

यीशुआनला भोवळ का आली, यावर तर्क पुष्कळ झाले आहेत. पुत्रवियोग हे एक कारण असेलच. वानझेनची पहिली दोन्ही अपत्ये १८६६ साली गेली होती, आणि झायतियान हाच तेव्हा त्यांचा एकमेव मुलगा होता. पण सुशुनला स्वतःच्या हातांनी पकडणाऱ्या माणसाला, सत्तेच्या जवळ उभ्या असलेल्या राजपुत्राचे काय होते, हेही नीट ठाऊक होते. दत्तकविधीने त्याचे पितृत्व धर्माच्या दृष्टीने संपले होते, तरी जनकपिता म्हणून तो जिवंत होता. त्याच्याभोवती उद्या कोणीही गट उभा करू शकला असता, आणि तसा नुसता संशयही जीवघेणा ठरला असता.

दोन अर्ज

काही दिवसांतच त्याने सर्व पदांचा राजीनामा दिला. त्या अर्जातली भाषा पाहण्यासारखी आहे. किताबाचे वेतन फुकट खाणाऱ्या एका माणसाला आकाश आणि पृथ्वीने जागा द्यावी आणि दाओग्वांग सम्राटाचा एक मंद, निरुपयोगी मुलगा शिल्लक राहू द्यावा, अशी त्याची मागणी होती. ‘मला जगू द्या’ हे याहून सभ्य शब्दांत सांगता येणे कठीण. राजीनामा मंजूर झाला आणि मुलापुढे रांगेत उभे राहून साष्टांग घालण्याचा प्रसंग येऊ नये म्हणून दरबारी समारंभांतून त्याला सूटही मिळाली. छुन हा किताब दर पिढीला एकेक पायरी न उतरता कायम राहील, असा दुर्मीळ मानही दिला गेला. छिंग राजवटीच्या अखेरपर्यंत असा मान असलेली घराणी फक्त बारा होती.

दुसरा अर्ज गुपचूप दिला गेला आणि तोच या प्रकरणाचा गाभा आहे. चीनमध्ये दत्तक सम्राटांच्या जनकपित्यांवरून पूर्वी दोनदा मोठे वाद झाले होते. अकराव्या शतकात सोंग घराण्याच्या यिंगझोंग सम्राटाच्या वडिलांना काय म्हणावे यावर दरबार दुभंगला होता. १५२१ साली मिंग घराण्याचा ज्याजिंग सम्राट चुलतभावाच्या गादीवर आला आणि त्याने आपल्या मृत जनकपित्याला सम्राटपद देण्याचा हट्ट धरला. १५२४ मध्ये विरोध करणाऱ्या अधिकाऱ्यांना भर दरबारात फटके मारले गेले आणि काहींचा त्यात जीव गेला. हे दोन्ही दाखले देऊन यीशुआनने १८७५ च्या आरंभीच लिहून ठेवले की, पुढे सम्राट वयात आल्यावर कोणी पुढे-पुढे करणारा अधिकारी या जुन्या उदाहरणांच्या आधारे माझा मान वाढवा असे सुचवील, तर त्याला नीच समजून ताबडतोब घालवून द्यावे. म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा त्याने स्वतःच लिहून त्सीशीच्या हाती दिला.

वाड्यातले दिवस

झायतियानचा जन्म बीजिंगच्या नैर्ऋत्य भागात, ताइपिंग तळ्याकाठच्या वाड्यात झाला होता. सम्राटाची जन्मभूमी ठरलेल्या घरात सामान्य राजपुत्राने राहू नये, असा दंडक होता. म्हणून छुन घराण्याला तो सोडावा लागला आणि शहराच्या उत्तरेला होउहाय तळ्याच्या काठी जुना वाडा दुरुस्त करून देण्यात आला. जुन्या वाड्याच्या जागी आज केंद्रीय संगीत महाविद्यालय आहे आणि नव्याच्या बागेत सोंग छिंगलिंग (सुन यात-सेन यांच्या पत्नी) यांचे स्मारक. गंमत अशी की १९०८ साली याच घराण्यातले दुसरे मूल सम्राट झाले आणि तेव्हा होउहायचा वाडाही त्याच नियमात अडकला. तिसऱ्या वाड्याचे काम सुरू झाले, पण ते संपायच्या आत राजवटच संपली.

घरात सर्वत्र संयमाची वचने टांगलेली असत. यीशुआनच्या टेबलावर एक विशिष्ट भांडे होते, जे रिकामे असले की कलते, अर्धे भरले की सरळ उभे राहते आणि काठोकाठ भरले की उलटते. त्यावर भरलेपणाने हानी आणि नम्रतेने लाभ होतो, या अर्थाचे प्राचीन वचन कोरलेले होते. मुलांच्या खोल्यांत त्याने एक कवन लावले होते. संपत्ती मोठी तशी वंशजांवरची आपत्तीही मोठी, पैसा वाढला की हिंमत वाढते आणि मग आभाळाएवढ्या गोष्टीलाही माणूस भीत नाही, घरादाराचा नाश झाल्याशिवाय थांबत नाही, असा त्याचा आशय. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी राजवाड्यात बातमी नेतो, हे त्याला माहीत असणारच. भांडे आणि कवन मुलांसाठी जेवढे होते, तेवढेच त्या पाहुण्यांसाठीही असावे.

वानझेनची बाजू अधिक करुण आहे. १८७५ साली झालेला तिचा तिसरा मुलगा दीड दिवसात गेला, चौथा झायग्वांग पाचव्या वर्षाच्या आत गेला. मुले अति खाऊन आजारी पडतील या धास्तीने ती त्यांना जेमतेम खायला घाली. एका कोळंबीचे तीन तुकडे करून वाढले जात, असे घरच्या आठवणींत सांगितले आहे. वंश टिकला तो उपपत्नी ल्यूज्या हिच्या पोटी: झायफेंग १८८३ मध्ये, झायशुन १८८५ मध्ये आणि झायताओ १८८७ मध्ये. यांतले धाकटे दोघे पुढे त्सीशीच्या आज्ञेने घराण्यातल्या दुसऱ्या शाखांत दत्तक गेले. ‘मूल दुसऱ्याचे झाले’ हे दुःख या घराने एकदा नव्हे, अनेकदा भोगले, आणि प्रत्येक वेळी कारण एकच बाई होती.

परत बोलावणे

राजीनाम्यानंतरही यीशुआनला पूर्ण निवृत्ती मिळाली नाही. १८७६ पासून वेंग तोंगहे बाल सम्राटाला शिकवू लागला आणि त्या शिक्षणावर देखरेख यीशुआनकडे आली. वडील म्हणून मुलाला भेटता येत नव्हते, पण पर्यवेक्षक म्हणून अभ्यासाच्या दालनात जाता येत होते.

एप्रिल १८८४ मध्ये, व्हिएतनामवरून फ्रान्सशी संघर्ष चिघळलेला असताना, त्सीशीने यीशिनसह संपूर्ण सर्वोच्च मंत्रिमंडळ एका फटक्यात घालवले. नव्या मंडळाचा प्रमुख नावापुरता दुसरा राजपुत्र होता, पण महत्त्वाच्या बाबी यीशुआनच्या सल्ल्याने ठरवाव्यात, असे फर्मान निघाले. शंगयू, शीजुन आणि झाओ अर्शुन या तीन अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. सम्राटाच्या जनकपित्याने राज्यकारभारात पडणे अयोग्य, हा त्यांचा मुद्दा घराण्याच्या रीतीला धरून होता. त्सीशीने तो झटकला. तिच्या दृष्टीने यीशुआनपेक्षा सोयीचा माणूस नव्हता: यीशिनएवढे वजन नाही, बाहेर आधार नाही, आणि स्वतःच्या लेखी अर्जाने हात बांधलेले.

१८८५ साली नौदल खाते स्थापन झाले आणि यीशुआन त्याचा प्रमुख झाला. मुत्सद्दी ली होंगझांग आणि राजपुत्र यीक्वांग हे त्याचे सहायक. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याने त्यानजिन, ल्यूशुन, वेइहायवेइ आणि यांताय येथे उत्तरेच्या आरमाराची पाहणी केली. ज्याने एकेकाळी परकीयांना हाकलून लावायचे बेत मांडले होते, तो आता जर्मन आणि इंग्रज बनावटीच्या युद्धनौका पाहत फिरत होता. बरोबर त्सीशीचा विश्वासू खोजा ली लियानयिंग होता. खोज्याला अशा दौऱ्यावर पाठवणे रीतीविरुद्ध, असे झू यीशिन या अधिकाऱ्याने अर्जात लिहिले, तर त्यालाच खालच्या जागेवर उतरवले गेले. त्याच वर्षी यीशुआन पतिपत्नींना जर्दाळूच्या पिवळ्या रंगाच्या पालखीचा मान मिळाला. तो रंग राजघराण्याच्या अगदी आतल्या वर्तुळाचा. यीशुआनने आभार मानले आणि त्या पालखीत तो कधीच बसला नाही.

पालखी नाकारता आली, पण उद्यान नाकारता आले नाही. त्सीशीला निवृत्तीसाठी बीजिंगबाहेरचे जळालेले उद्यान पुन्हा उभारायचे होते. १८८६ साली यीशुआननेच सुचवले की छ्येनलुंग सम्राटाच्या काळी कुनमिंग तळ्यावर नौदलाची कवायत होत असे, ती पुन्हा सुरू करावी. तिच्या आडून तळ्याकाठच्या इमारतींची दुरुस्ती सुरू झाली, एक नौदल शाळाही उघडली गेली, आणि मार्च १८८८ मध्ये या जागेला यीहेयुआन हे नाव जाहीर झाले. नौदल खात्यामार्फत पैसा उद्यानाकडे वळला. नेमका किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. १८८८ नंतर उत्तरेच्या आरमारात नव्या मोठ्या युद्धनौकांची खरेदी थांबली आणि १८९४-९५ च्या युद्धात जपानने ते आरमार संपवले, एवढे निर्विवाद आहे. सगळा दोष एका उद्यानावर टाकणे सोपे आहे आणि ते मला पटत नाही. दारूगोळा, शिस्त आणि प्रांतांतली दुही यांचाही त्यात वाटा होता. पण नौदल खात्याच्या प्रमुखाला ‘नाही’ म्हणता येत नव्हते, हा दोष याच प्रकरणाच्या रचनेतून आलेला आहे. त्सीशी लवकर निवृत्त व्हावी आणि मुलाला राज्य मिळावे, म्हणून त्याने उद्यानाचे काम रेटले, असाही एक युक्तिवाद केला जातो. तो मान्य केला, तर १८८६ मध्ये त्सीशीने सत्ता सोडण्याची घोषणा करताच यीशुआननेच तिला आणखी काही वर्षे सम्राटाला मार्गदर्शन करण्याची विनंती का केली, याचेही उत्तर द्यावे लागते. ती घोषणा परीक्षा होती आणि तो परीक्षेत नापास व्हायला तयार नव्हता, हे मला त्याचे उत्तर दिसते.

१८८९

फेब्रुवारी १८८९ मध्ये ग्वांगशूचे लग्न त्सीशीच्या भाचीशी झाले आणि मार्चमध्ये त्सीशीने औपचारिकरीत्या कारभार सोडला. नेमक्या याच सुमारास वू दाचेंग या अधिकाऱ्याचा अर्ज आला. झेंगझोउ येथे पीत नदीला पडलेले मोठे भगदाड बुजवून त्याने नुकतेच नाव कमावले होते. छ्येनलुंग सम्राटाच्या मतांचा आधार घेऊन त्याने, सम्राटाच्या जनकपित्याच्या मानमरातबाचा विचार व्हावा, असे सुचवले. त्सीशीने वाद घातला नाही. चौदा वर्षांपूर्वीचा यीशुआनचा अर्ज तिने बाहेर काढला आणि फर्मानासोबत प्रसिद्ध केला. विषय तिथेच मिटला.

हा जुना अर्ज खरोखर १८७५ चाच होता, की वू दाचेंगचे पत्र आल्यावर तारीख मागची टाकून लिहून घेतला, अशी शंका नंतर काहींनी घेतली. वू दाचेंगचा मुद्दा तंतोतंत आधीच हेरलेला असणे संशयास्पद वाटते, हे खरे. पण ज्याने मियुनला सुशुनला पकडून त्याचा शेवट पाहिला, ज्याला सोंग आणि मिंग काळचे वाद प्रत्येक सुशिक्षित राजपुत्राप्रमाणे पाठ होते, त्याने हे आधी हेरले असेल तर त्यात नवल नाही. आणि अर्ज मागाहून लिहिला गेला असला, तरी त्यावर सही करणारा तोच होता.

मृत्यूनंतर

१ जानेवारी १८९१ रोजी यीशुआन वारला. जिवंतपणी जो प्रश्न त्याने स्वतः दाबला, तो आता दरबाराला सोडवावा लागला. त्याला ‘सम्राटाचा जनकपिता’ हे अभिधान मिळाले. दफन राजपुत्राच्या इतमामाने झाले आणि श्राद्धविधी सम्राटाच्या इतमामाने. बीजिंगच्या पश्चिमेच्या डोंगरात त्याची समाधी आहे. लोक तिला सातव्या राजपुत्राची समाधी म्हणतात. तिथे एक प्रचंड जिंकोचा वृक्ष होता आणि असा वृक्ष त्या घरातून पुन्हा सम्राट उभा करतो, असे कोणीतरी सांगितल्यामुळे त्सीशीने १८९६ च्या सुमारास तो तोडून टाकला, अशी कथा त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवली आहे. वानझेनही १८९६ मध्येच वारली.

दोन वर्षांनी, ग्वांगशूचा १८९८ चा सुधारणांचा प्रयत्न त्सीशीने मोडून काढल्यावर, तो राजवाड्याच्या तळ्यातल्या यिंगताय बेटावर कैद झाला. १४ नोव्हेंबर १९०८ रोजी तो वारला आणि दुसऱ्या दिवशी त्सीशी. मरण्यापूर्वी तिने पुन्हा छुन घराण्याकडेच बोट दाखवले: झायफेंगचा दोन वर्षांचा मुलगा पुयी. फर्मान होउहायच्या वाड्यावर पोचले तेव्हा पुयीची आजी ल्यूज्या बेशुद्ध पडली.

या वेळी सम्राटाचा जनकपिता बाजूला राहिला नाही, तोच राजप्रतिनिधी झाला. झायफेंगने वडिलांची सावध वृत्ती उचलली होती, पण वडिलांना जी जागा कटाक्षाने टाळावी लागली तीच त्याच्या वाट्याला आली, आणि तिच्यासाठी लागणारा करारीपणा त्या घरात कोणी कोणाला शिकवलाच नव्हता. ऑक्टोबर १९११ मध्ये वूचांगला राजवटीविरुद्ध बंड झाले, डिसेंबरमध्ये त्याने पद सोडले, आणि घरी येऊन आता मुलांना कडेवर घ्यायला मोकळा झालो, असे तो म्हणाल्याची आठवण कुटुंबात सांगितली जाते. पुयीने १२ फेब्रुवारी १९१२ रोजी गादी सोडली. होउहायचा वाडा मात्र १९४९ पर्यंत झायफेंगकडेच होता. त्या वर्षी त्याने तो एका तंत्रशिक्षणाच्या शाळेला विकला आणि १९५१ मध्ये बीजिंगमध्येच तो वारला.